एम्मा आणि अ‍ॅना: दोन रकाने आखून झाल्यावर पुढे काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' आणि टॉलस्टॉयची 'अ‍ॅना कारेनिना' यांच्यावर तौलनिक निबंध लिहायचा आहे. तुम्ही दोन रकाने आखले. दोघी विवाहित, दोघींचे नवरे रुक्ष, दोघी परपुरुषाच्या प्रेमात पडतात, दोघींना एकेक मुलगी, दोघी व्यभिचारामुळे आत्महत्या करतात. समोर फरक लिहिले: एक फ्रेंच, एक रशियन, एक मध्यमवर्गीय, एक उमराव घराण्यातली. मार्गदर्शकांनी वर शेरा मारला, 'ही यादी झाली, तुलना नव्हे.' आता तुलना म्हणजे नेमकं काय करायचं, आणि एकदा जमल्यावर ती इतर कृतींना कशी लावायची, हे तुम्हाला हवं आहे.

तौलनिक साहित्य शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि हा शेरा मीही अनेक वह्यांवर मारला आहे. शेरा बरोबर आहे, पण त्याने वाट सापडत नाही. म्हणून वाट सांगते. दोन कृतींत साम्य दिसलं की तिथे थांबायचं आणि विचारायचं: एकाच जागी उभं राहून हे दोन लेखक कुठे वेगवेगळे वळले? साम्यामुळे तुम्हाला फक्त ती जागा सापडते. निबंध त्या वळणावर सुरू होतो.

यादीत तुमची एक चूक आहे, ती आधी काढून टाका. 'दोघी व्यभिचारामुळे आत्महत्या करतात' असं तुम्ही लिहिलं आहे. एम्माच्या बाबतीत ते खरं नाही. तिला आर्सेनिक या विषाकडे नेते ती उधारी. लरो हा व्यापारी तिला कापडं, पडदे, प्रवासाचं सामान उधारीवर देत जातो, हुंड्यांवर, म्हणजे पैसे फेडण्याच्या लेखी वचनांवर, सह्या घेत जातो, आणि शेवटी 8000 फ्रँकच्या वसुलीचा हुकूम दारात येतो. रोदॉल्फ या पहिल्या प्रियकराने तिला टाकलं तेव्हा ती आजारी पडली होती, पण त्यातून उठली. हुंड्यांतून मात्र उठली नाही. अ‍ॅनाच्या शेवटच्या दिवसांत पैशाचा प्रश्नच नाही. तिथे आहे तो एकटेपणा, मत्सर, झोपेसाठी घेतलेली अफू आणि प्रियकर व्रॉन्स्कीचं प्रेम आटत चाललंय ही धास्ती. बाहेरून दोन्हीकडे आत्महत्याच, आतून दोन वेगळ्या यंत्रणा. साम्याचा रकाना भरताना एवढं तपासलं असतं, तर तो अर्धा तिथेच रिकामा झाला असता.

आता एक जोडी देते. माझ्या मते तुमचा सगळा निबंध तिच्यावर उभा राहू शकतो. दोन्ही कादंबऱ्यांत नायिका ऑपेराला जाते.

एम्मा जाते ती रूआंच्या नाट्यगृहात, 'लूसी द लामरमूर' पाहायला, कादंबरीच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी. सोबत नवरा शार्ल. पडदा वर जातो आणि तिची नजर रंगमंचाला चिकटते. कॉन्व्हेंटमध्ये असताना चोरून वाचलेल्या कादंबऱ्या तिला आठवतात, लूसीचं दुःख ते आपलंच असं वाटतं, मग गाणाऱ्या नटाबरोबर पळून जावं असं वाटू लागतं. शार्लला कथानकच कळत नाही. तो मध्ये मध्ये शंका विचारतो आणि तिला त्याचा राग येतो. मध्यंतरात लिऑं, पुढे तिचा प्रियकर होणारा, भेटतो, आणि पुढचा खेळ एम्माच्या लेखी संपतो. लूसीला वेड लागतं त्या प्रवेशात तिला रस उरत नाही, आणि तिघं नाट्यगृहातून निघून जातात. हे नीट पाहा: जिच्याशी ती इतकी एकरूप झाली होती, त्या नायिकेचा शेवट पाहायला ती थांबत नाही.

अ‍ॅना जाते ती पीटर्सबर्गमध्ये, पाचव्या भागात. व्रॉन्स्कीबरोबर ती उघडपणे राहते आहे, सगळ्या शहराला ते ठाऊक आहे. 'जाऊ नकोस' असं व्रॉन्स्की तिला विनवतो, तरी ती जाते. पाट्टी या गायिकेचं गाणं आहे, पण टॉलस्टॉय त्या गाण्याकडे जवळजवळ बघतच नाही. गाण्याऐवजी तो प्रेक्षागृह दाखवतो. आपण व्रॉन्स्कीबरोबर आत शिरतो, त्याच्या दुर्बिणीतून अ‍ॅनाचा कक्ष शोधतो, शेजारच्या कक्षातली कार्तासोवाबाई उठून निघालेली दिसते. काहीतरी घडलं, एवढंच कळतं. काय घडलं ते त्याला दुसऱ्याकडून कळतं, आणि ते शब्द अ‍ॅना स्वतः उच्चारते तेव्हा ती घरी परतलेली असते: हिच्या शेजारी बसणं लाजिरवाणं आहे, असं ती बाई म्हणाली.

आता दोन प्रवेश शेजारी ठेवा. एम्मा पाहते आहे. अ‍ॅनाला पाहिलं जातं आहे. एम्माच्या कक्षाकडे त्या नाट्यगृहात कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि अ‍ॅनाच्या कक्षावर सगळ्यांच्या दुर्बिणी रोखलेल्या आहेत. एकदा हे दिसलं की मागचे प्रवेशही याच रांगेत येऊन बसतात. दोन्ही कादंबऱ्यांत नाचाची मेजवानी आहे. व्होबिएसारच्या वाड्यातली मेजवानी आपण एम्माच्या डोळ्यांनी पाहतो. खिडकीच्या काचा फुटतात, बाहेर अंधारात आत डोकावणाऱ्या शेतकऱ्यांचे चेहरे दिसतात आणि तिला क्षणभर माहेरचा मळा आठवतो. मॉस्कोच्या मेजवानीत अ‍ॅना काळ्या मखमलीत येते, आणि ती आपल्याला किटीच्या, म्हणजे व्रॉन्स्कीवर जीव असलेल्या तरुण मुलीच्या, डोळ्यांतून दिसते. किटीने तिला जांभळ्या रंगात कल्पिलं होतं. काळ्या पोशाखातली अ‍ॅना पाहताच आपलं चुकलं हे तिला कळतं, आणि रात्र सरायच्या आत व्रॉन्स्की आपला राहिला नाही हेही तिला कळतं.

माझ्या उमेदवारीच्या काळात मी एका निबंधात लिहिलं होतं की एम्मा उथळ आहे आणि अ‍ॅना खोल आहे, म्हणून टॉलस्टॉयची कादंबरी थोर. आज ते वाक्य मला पूर्ण चुकीचं वाटतं. मी दोन बायकांची तुलना करत होते, जणू दोघी शेजारणी आहेत आणि कुणाचा स्वभाव बरा ते ठरवायचं आहे. पात्रं म्हणजे शेजारणी नव्हेत. ती कुणाच्या तरी निवेदनातून आपल्यापर्यंत येतात. अ‍ॅना खोल वाटते त्याचं एक कारण असं की तिच्याभोवती तिला पाहणारी पुष्कळ माणसं आहेत: किटी, भावजय डॉली, व्रॉन्स्की, नवरा कारेनिन, एका भेटीपुरता किटीचा नवरा लेव्हिनसुद्धा. एम्माला खरोखर पाहणारं माणूस त्या पुस्तकात जवळजवळ नाही. शार्ल तिची पूजा करतो, पण तिला ओळखत नाही. रोदॉल्फ तिला पहिल्याच भेटीत तोलतो, मिळवायची कशी आणि नंतर झटकायची कशी, एवढ्यापुरती. ते एकाकीपण माझ्या तेव्हाच्या वाचनात उतरलंच नव्हतं, आणि मी त्याला उथळपणा म्हणून मोकळी झाले होते.

निबंधात म्हणून 'एम्मा कशी आहे' हे लिहिण्याआधी 'एम्मा कुणाला कशी दिसते' हे लिहा. फ्लोबेरच्या बाबतीत तर हे टाळताच येत नाही. 'तिला वाटलं', 'ती मनाशी म्हणाली' असे टेकू तो काढून टाकतो आणि पात्राचा विचार थेट निवेदनात मिसळतो. वाक्य एम्माचं की लेखकाचं, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. अनैतिकतेच्या आरोपावरून त्याच्यावर जो खटला झाला, त्याच्याशीही या गोष्टीचा संबंध लागतो. कादंबरी 1856 मध्ये मासिकातून आली, 1857 च्या जानेवारीत खटला उभा राहिला आणि 7 फेब्रुवारीला निर्दोष सुटका झाली. सरकारी वकील पिनार याचा आक्षेप आजही विचार करण्यासारखा आहे: या बाईला दोषी ठरवू शकेल असं एकही माणूस या पुस्तकात नाही. वकिलाला ती तक्रार वाटली, पण वाचक म्हणून त्याने अचूक जागेवर बोट ठेवलं होतं.

इथून आशयसूत्राकडे येऊ. 'विवाहबाह्य प्रेम', 'स्त्रीचं बंड', 'समाज विरुद्ध व्यक्ती' ही आशयसूत्रं म्हणून तुम्ही लिहिली आहेत. ही विषयांची नावं आहेत. नावावर वाद घालता येत नाही, म्हणून त्यावर निबंधही उभा राहत नाही. आशयसूत्र प्रश्नाच्या रूपात मांडा. या जोडीसाठी मी असा मांडेन: या बाईचा न्याय करायचा अधिकार कुणाला आहे? पिनारच्या म्हणण्याप्रमाणे फ्लोबेरच्या पुस्तकात तो कुणालाच नाही. टॉलस्टॉयच्या पुस्तकात न्याय करायला अख्खं प्रेक्षागृह बसलं आहे, आणि पहिल्या पानाच्याही आधी त्याने बायबलमधलं वचन घातलं आहे, सूड माझा आहे, फेड मी करीन, या अर्थाचं. त्या वचनाचा रोख अ‍ॅनावर आहे, की देवाचं काम आपल्या हाती घेणाऱ्या त्या प्रेक्षागृहावर? मला दुसरं पटतं. तुम्हाला पहिलं पटलं तरी हरकत नाही, पण मग ऑपेराचा प्रवेश त्यात कसा बसतो हे दाखवावं लागेल.

सामाजिक पार्श्वभूमी घाला, पण ती प्रश्नाला उपयोगी पडेल तेवढीच. 'एकोणिसाव्या शतकात स्त्रियांची स्थिती' असा परिच्छेद पुढल्या-मागल्या परिच्छेदांशी नातं न ठेवता पडून राहतो. त्याऐवजी एकच गोष्ट घ्या: घटस्फोट. फ्रान्समध्ये तो 1816 मध्ये कायद्यातून काढला गेला आणि 1884 मध्ये परत आला. एम्माचं सगळं आयुष्य या दोन सालांच्या मध्ये बसतं. तिच्या कल्पनेत घटस्फोट येत नाही, पळून जाणं येतं, कारण कायदेशीर दारच नाही. रशियात दार होतं, पण ते चर्चच्या ताब्यात होतं. व्यभिचार सिद्ध करावा लागे आणि दोषी ठरलेल्याला पुन्हा लग्न करता येत नसे. कारेनिन वकिलाकडे जातो तो प्रवेश पुन्हा वाचा. समोर एका घराची वासलात लागते आहे आणि वकील मधूनमधून कसर पकडतो आहे. पुढे कारेनिन घटस्फोट द्यायला तयार होतो तेव्हा अ‍ॅना तो न घेताच निघून जाते, आणि ती मागते तेव्हा तो नकार देतो. म्हणजे एम्मापुढे भिंत आहे, आणि अ‍ॅनापुढे असं दार आहे ज्यातून वाकून, अपमान सोसून जावं लागेल, आणि ते उघडं असेल तेव्हा तिचं मन तयार नसतं. दोघींच्या निराशेचा पोत का वेगळा, याचं उत्तर मला इथे बरंचसं सापडलं.

वाचनाचाही एक धागा आहे. कॉन्व्हेंटमधल्या कादंबऱ्यांनी एम्माच्या अपेक्षा घडवल्या, हे सगळेच लिहितात. अ‍ॅनाही वाचते, हे फार थोड्यांच्या लक्षात राहतं. मॉस्कोहून परतताना आगगाडीत ती इंग्रजी कादंबरी उघडते आणि तिचं मन लागत नाही. दुसऱ्यांच्या आयुष्याचं प्रतिबिंब पाहत बसणं तिला नको असतं, तिला स्वतः जगायचं असतं. आणि ती मरते त्या परिच्छेदात टॉलस्टॉय पुन्हा पुस्तकच आणतो. ज्या मेणबत्तीच्या उजेडात ती चिंता, फसवणूक, दुःख यांनी भरलेलं पुस्तक वाचत होती, ती मेणबत्ती एकदा लख्ख पेटते आणि विझते. पुस्तकातलं आयुष्य जगू पाहणारी एक, आणि पुस्तक बाजूला ठेवून जगू पाहणारी दुसरी. हा धागा मी तुमच्या निबंधात दुसऱ्या क्रमांकाला ठेवेन.

आता इतर कृतींविषयी. पहिलं काम म्हणजे दोन कृतींमधलं नातं ओळखणं. 'किंग लिअर' आणि 'नटसम्राट' ही जोडी घ्या. इथे शिरवाडकरांपुढे लिअर आहे हे उघड आहे, नाटकातच शेक्सपिअर येतो. नातं असं थेट असेल तेव्हा साम्य दाखवण्यात काही मिळवलं असं होत नाही. लेखकाने काय बदललं तेवढंच पाहायचं. लिअरला रंगमंचावर राणी नाही, अप्पासाहेबांना कावेरी आहे. एवढ्याने नाटकाचं केंद्र हलतं, कारण अप्पासाहेबांच्या चुकीची किंमत शेजारी चालणारं दुसरं माणूस मोजतं. लिअर वादळात सापडतो, आणि त्या वादळात त्याला आयुष्यात पहिल्यांदा उघड्यावरच्या कंगालांची आठवण येते, आपण यांची कधी काळजी केली नाही हे जाणवतं. अप्पासाहेब घर मागतात ते एका तुफानासाठी, आणि ते तुफान म्हणजे ते स्वतः. राजा वादळात बाहेर पडला आणि त्याला इतर माणसं दिसली, नट स्वतःच वादळ झाला. लिअरची सत्ता खरी होती, अप्पासाहेबांची रंगमंचावरची. जी सत्ता मुळात टाळ्यांच्या आधारावर उभी होती ती गेल्यावर माणसात काय उरतं, हा प्रश्न लिअर विचारूच शकत नाही. तो शिरवाडकरांचा आहे.

याच जोडीत मागे जायचं तर शेक्सपिअरच्या आधीचं, लेखकाचं नाव नसलेलं 'किंग लिअर'चं नाटक 1605 मध्ये छापलं गेलं, त्याचा शेवट सुखाचा आहे. पुढे 1681 मध्ये नेहम टेटने शेक्सपिअरचंच नाटक बदलून पुन्हा सुखान्त केलं, आणि इंग्रजी रंगभूमीवर दीर्घकाळ तेच चाललं. कॉर्डेलियाचा मृत्यू ही निवड होती, हे या दोन पाठांशेजारी ठेवल्यावर जितकं लख्ख कळतं तितकं नुसतं नाटक वाचून कळत नाही.

जिथे काहीच संबंध नाही अशा जोड्यांत सगळ्यात जास्त घसरायला होतं. महाभारतातला कर्ण आणि होमरच्या 'इलियड'मधला ग्रीक योद्धा अकिलीस ही विद्यार्थ्यांची आवडती जोडी. शूर, देवाचा अंश, अपमानित, अल्पायुषी. यादी पुन्हा सुरू. प्रश्न केला तर असा होतो: मान देणाऱ्याशी आणि मान हिरावणाऱ्याशी योद्ध्याने कसं वागावं? अ‍ॅगामेम्नॉनने मान हिरावला म्हणून अकिलीस आपल्याच बाजूची माणसं मरताना बसून राहतो. दुर्योधनाने मान दिला म्हणून कर्ण, उद्योगपर्वात कृष्णाने जन्माचं रहस्य सांगितल्यावरही, बाजू सोडत नाही. उलट हे युधिष्ठिराला सांगू नका म्हणतो, कारण तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकेन. आपण हरणार हे तो त्याच संवादात बोलून दाखवतो.

पण कोणता कर्ण, हे आधी ठरवा. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातला कर्ण 1967 च्या 'मृत्युंजय'मधून आलेला आहे. 'मी सूताला वरणार नाही' हे द्रौपदीचं स्वयंवरातलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण भांडारकर संस्थेने हस्तलिखितं ताडून तयार केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने ते मूळ पाठात घेतलेलं नाही. उलट द्यूतसभेत द्रौपदीबद्दल कर्ण जे बोलतो, ते त्या पाठात आहे आणि आपण ते विसरू पाहतो. अपमानित कर्णाची तुलना करायची असेल तर अपमान कोणत्या पाठात आहे हे पहिल्याच पानावर सांगून टाका. अनुवादातून वाचताना हीच काळजी घ्या. फ्लोबेरच्या वाक्यात 'तिला वाटलं' हे शब्द अनुवादकाने घातले असतील, तर आपण वर बोललो ती सगळी संदिग्धता गेली. महत्त्वाचा परिच्छेद दोन अनुवादांत पडताळा.

मांडणीबद्दल एकच सूचना. आधी दहा पानं एम्मा, मग दहा पानं अ‍ॅना आणि शेवटी 'तुलना' असं करू नका. पहिल्या पानावर दोन्ही ऑपेरा मांडा आणि पुढचा प्रत्येक विभाग दोघींना एकत्र घेऊन जाऊ द्या. कुठे एकीबद्दल दोन परिच्छेद आणि दुसरीबद्दल दोनच ओळी आल्या तर येऊ द्यात.

आणि शेवटच्या विभागासाठी मुलांकडे पाहा. तुमच्या यादीत 'दोघींना एकेक मुलगी' एवढंच आहे, कारेनिनपासून झालेला मुलगा सेर्योझा राहूनच गेला. एम्मा आपल्या मुलीला, बर्थला, ढकलते, तिच्या गालाला जखम होते, आणि नंतर तिच्या मनात येतं, किती कुरूप आहे ही पोर. अ‍ॅना मुलाच्या वाढदिवशी चोरून त्याच्या खोलीत शिरते आणि त्याच्यासाठी आणलेली खेळणी तशीच परत घेऊन येते. व्रॉन्स्कीपासून झालेल्या मुलीवर मात्र तिचा तसा जीव जडत नाही. दोन्ही कादंबऱ्या नायिकेच्या मृत्यूनंतरही चालू राहतात. टॉलस्टॉयचा आठवा भाग तर मासिकाने छापायचं नाकारलं आणि तो 1877 मध्ये वेगळा काढावा लागला. त्या उरलेल्या पानांत अ‍ॅनाची मुलगी कारेनिनकडे जाते, म्हणजे जो तिचा बाप नाही त्याच्याकडे. बर्थ बाप आणि आजी गेल्यावर नात्यातल्या एका गरीब बाईकडे जाते, आणि ती तिला पोट भरायला सूतगिरणीत पाठवते. न्याय कुणी करायचा हा प्रश्न घेऊन ही पानं पुन्हा वाचा, आणि काय दिसलं ते मला कळवा.